दादावर आलेलं राज्य

दवाखान्याच्या खिडकीतून खाली तीन मुली चकताना दिसल्या. हातावर हात, एक हिसका, आणि जिच्या हाताचा तळवा वेगळा पडेल ती सुटली. शेवटी उरेल तिच्यावर राज्य. तिथे कुणाचा वशिला चालत नाही.

शेजारी आई बसली होती. दादाला हृदयविकार झाल्यापासून तिचं एकच पालुपद, "माझ्या हातचं तूपच भोवलं त्याला." तूप तर मीही तेवढंच खाल्लं.

संशोधनासाठी आमचं रक्त घेणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, मूळ तुपात नाही. रक्तात चरबी वाढवणारा गुण त्याला जन्माआधीच मिळाला, हिला नाही. खाणं, सवयी, पैसा सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, पण गुणांची ही वाटणी नुसत्या योगायोगानं होते, त्यातल्या कशालाच विचारत नाही. म्हणून हा गुण असलेली आणि नसलेली पुष्कळ माणसं ताडून पाहिली, तेव्हा ती चरबीच अपराधी हे पक्कं झालं."

म्हणजे दादाची चरबी उतरवणारी रोजची गोळी ज्या खात्रीवर दिली जाते, तिच्यात कितीतरी अनोळखी माणसांचं रक्त आहे. ज्यांच्यावर राज्य आलं त्यांचं, आणि जे सुटले त्यांचंही. त्यांना मी कुठे गाठून धन्यवाद देणार? मी सुटले, यात माझं कर्तृत्व काहीच नाही. मी बाही वर सारली.

सुई निघाली तशी आईनं माझी बाही खाली ओढली. मग म्हणाली, "रविवारी दोघंही या. त्याला ताक देईन, तुला तुपातला शिरा."

किती वर्षांनी तिनं तुपाचं नाव हसून घेतलं!