आईची कवळी मी उकळली

मंडळी, आज सकाळी मी गाढवपणा केला. आईच्या तोंडात फोड आले होते, म्हणून तिची कवळी निर्जंतुक करायला उकळत्या पाण्यात टाकली. माझ्या मुलाच्या दुधाच्या बाटल्या अशाच उकळायला मला तिनंच शिकवलं होतं.

कवळी वाकडी झाली. सिडकोतल्या डेंटिस्टकडे धावले. ते म्हणाले, "अहो, साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. आता नवीनच करावी लागेल, दोन-तीन आठवडे जातील."

आई मला रागावली पण नाही.

दुपारी सटाण्याहून मावशीचा रोजचा फोन आला. आईनं तोंडाला पदर लावला, मानेनंच नको म्हणाली. मी मावशीला सांगितलं, "झोपलीये."

उद्या काय सांगू?