मुदत संपलेले फुगे

हवामान केंद्रातून एकतीस वर्षं रोज सकाळी आकाशात फुगा सोडणाऱ्या माणसाला गल्लीने फुगेकाका म्हटलं, यात गल्लीचं काय चुकलं? काकांना मात्र ते नाव झोंबायचं. फुग्याला यंत्र लटकवलेलं असतं, ते वरच्या वाऱ्याची खबर देतं, त्या खबरीवर विमानं उडतात, असं ते ज्याला त्याला समजावत. लोक गंभीरपणे मान डोलवायचे आणि पोराच्या वाढदिवसासाठी चार फुगे मागायचे.

निवृत्तीला महिना उरला असताना काकांनी गोदाम आवरायला काढलं आणि मुदत संपलेले सहा फुगे सापडले. नियम स्पष्ट होता: असा फुगा कात्रीने कापून नष्ट करावा. काका नियमाचे इतके पक्के, की स्वतःच्या लग्नालाही सकाळचा फुगा सोडून मगच पोचले होते. पण त्या दिवशी हात कात्रीकडे जाईना. बिचारे कपाटात बसून म्हातारे झाले, एकदाही वर गेले नाहीत. काकांनी पाच फुगे भरले, चुकामूक नको म्हणून एकाच दोरीत ओवले आणि दिले सोडून. सहाव्याला गॅस पुरला नाही, म्हणून तो घरी नेऊन ट्रंकेतल्या स्वेटरखाली दडवला. वहीत लिहिलं, 'सहा नष्ट केले.' एकतीस वर्षांतली ही पहिली थाप.

त्याच सकाळी एका तरुण वैमानिक मुलीने विमानातून कळवलं, की पाच पांढऱ्या गोल वस्तू एकामागे एक, सारखं अंतर ठेवून चालल्या आहेत. झालं! लष्कराची चौकशी समिती आली. समितीच्या मेजरसाहेबांनी तिच्याकडून बेचाळीस चित्रं काढून घेतली आणि मग काकांची वही तपासली. त्या दिवशी सोडलेला फुगा: एक. मेजरसाहेबांनी हिशोब जुळवला. फुगा एक, दिसले पाच, म्हणजे दोष डोळ्यांत. मुलीचं उड्डाण बंद झालं. ते कायमचं बंद करायचं का, याचा निकाल शुक्रवारी केंद्रातच लागणार होता.

बुधवारी ती काकांकडे आली.

"काका, फुगा एकच होता ना?"

"वहीत एकच आहे," काका म्हणाले. हे खोटं नव्हतं, एवढंच.

"मी दोनदा मोजले होते. आता डॉक्टर रोज बोटं दाखवतात, किती ते सांग म्हणतात. कालपासून मी जिना उतरतानाही पायऱ्या मोजते."

त्या रात्री काका जेवायला बसले ते भात ताटात इकडून तिकडे करत राहिले. त्यात बायको स्वेटर काढायला गेली आणि फुगा घेऊन बाहेर आली. काकांनी सगळं सांगून टाकलं.

"त्या पोरीचे डोळे चांगले आहेत, हे जगात तुम्हा एकट्याला ठाऊक," ती म्हणाली, "आणि तुम्ही ताटातलं चिवडत बसलात?"

"अगं, निवृत्तीच्या पत्रात 'निष्कलंक सेवा' लिहिणार आहेत."

"ते पत्र भिंतीवर लावाल. मग रोज त्याच्याकडे बघून जेवाल?"

शुक्रवारी काकांनी समितीच्या टेबलावर फुगा ठेवला. मेजरसाहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"हे परग्रहावरचं आहे?"

"नाही साहेब, गोदामातलं."

काकांनी मान खाली घालून सगळी हकीगत सांगितली. कोपऱ्यातली मुलगी उठून उभी राहिली.

"काका, पाचच होते?"

"पाचच, बाळ. मीच ओवले होते."

तिने टोपीत तोंड लपवलं आणि ती रडायला लागली. काकांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मेजरसाहेबांचा चेहरा पडला. शत्रूचं नवं अस्त्र असू शकतं, असं पत्र त्यांनी वही तपासण्याआधीच वर धाडूनही झालं होतं. सगळा राग त्यांनी वहीतल्या खोट्या नोंदीवर काढला. 'निष्कलंक' हा शब्द निवृत्तीच्या पत्रातून गेला, असं त्यांनी जाहीर केलं. काकांनी मान्य केलं. मग मेजरसाहेबांनी कात्री पुढे सरकवली.

"आता हा आमच्यासमोर कापा."

काकांनी कात्री उचलली. फुगा पसरला. एक मिनिट गेलं, दोन गेली. कात्री उघडली होती, ती मिटेना. शेवटी मेजरसाहेबांनी घड्याळ पाहिलं.

"मी चहा घेऊन येतो," ते म्हणाले. "परत येईन तेव्हा हा मला दिसता कामा नये."

ते कप घेऊन परत आले तेव्हा काका आणि ती मुलगी केंद्राच्या अंगणात, गॅसच्या नळकांड्याशेजारी, मान वर करून उभे होते. मेजरसाहेबांनीही वर पाहिलं, डोळे बारीक केले, कपाळावर हात धरला.

"मला तर काहीच दिसत नाही."

"मला दिसतोय, साहेब," मुलगी म्हणाली. "एकच आहे."

मेजरसाहेबांनी तिथेच, कप कठड्यावर ठेवून, तिच्या कागदावर 'दृष्टी उत्तम' असं लिहिलं आणि सही केली. काकांनी वही उघडली, 'नष्ट केले' वर रेघ मारली, वर 'सोडले' असं लिहिलं आणि बाजूला नियमाप्रमाणे तारीख घातली.