आत्याच्या फोनची बॅटरी

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. शिक्षण संपवून मी परदेशातून थेट चौलला आले ती आत्याची वाडी वाचवायला. मला वाटलं होतं, वाडी गिळणारा माणूस मुंबईहून मोठ्या गाडीतून येईल, काळा चष्मा लावून, आणि मी फाटकात आडवी उभी राहीन. असा कोणी आलाच नाही. संशय घ्यावा असं एकच माणूस सापडलं, तेही झोपाळ्यावर पाय हलवत बसलेलं. माझी सख्खी आत्या.

वाडीत मोबाईलला रेंज नाही, म्हणून आत्याकडे अजून घरचा फोन आहे, कॉर्डलेस. रोज दुपारी तो वाजायचा आणि आत्या हळू आवाजात बोलायची. "हो, ऐकतेय... पार्टी चांगली आहे म्हणता... माडांसकट?" मी दारात दिसले की लगेच, "अहो, बॅटरी संपतेय वाटतं." फोन बंद.

"कोण होतं गं?"

"कोणी नाही. बॅटरी गेली."

कोणी नाही, तर माडांची चौकशी कोण करत होतं? हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "मग बॅटरी बदलून का घेत नाहीस?"

"कशाला? चालतंय की."

"कुठं चालतंय? चार वाक्यांत मान टाकतो फोन."

"मला तेवढं पुरतं."

आता सांगा, तुम्हाला संशय आला नसता? आतोबा गेल्यापासून वाडी हिच्या एकटीच्या नावावर. सही केली की संपलं.

आत्या आंघोळीला गेल्यावर मी फोनचं मागचं झाकण उघडलं. बॅटरी खरंच फुगली होती, खाऱ्या हवेनं पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. म्हणजे सबब खरी होती. पण मुरलेला गुन्हेगार खरीच सबब वापरतो, नाही का?

ती बॅटरी घेऊन एसटीनं अलिबाग गाठलं. दुकानदारानं बॅटरी हातात घेतली आणि म्हणाला, "चौलच्या मावशींची ना? मी म्हटलं होतं त्यांना, नवी घ्या. म्हणाल्या, हीच बरी."

हीच बरी. माझी खात्रीच पटली.

नवी बॅटरी घेतली. जुनी कचऱ्यात जाऊन जमीन नासू नये म्हणून दुकानातच दिली. घरी पट्ट्या खोडरबरानं घासल्या, बॅटरी बसवली आणि फोन रात्रभर चार्जिंगला ठेवला. आत्याला अक्षरही बोलले नाही.

दुसऱ्या दुपारी मी दाराआड सुपाऱ्या सोलत बसले. फोन वाजला.

"हो... हो... अहो, बॅटरी संपतेय वाटतं." आत्यानं फोन कानापासून दूर धरला, हलवला, तळहातावर आपटला, परत कानाला लावला. "नाही, नाही, येतंय ऐकू. चांगलं येतंय." मग बराच वेळ नुसतं "हं." फोन काही मान टाकेना. शेवटी थकलेल्या आवाजात ती म्हणाली, "बरं, या उद्या सकाळी. पार्टीला घेऊन या."

मी बाहेर आले. "सापडलीस आत्या. वाडी विकतेयस."

तिनं फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बॅटरी तू बदललीस?"

"हो."

"जावई होते. माझे जावई. गेलं वर्षभर वाडी विका म्हणून मागे लागलेत. त्यांना तोंडावर नाही कसं म्हणू? लेक नांदतेय माझी तिथं. वाडीचं नाव निघालं की फोन आपोआप गप्प व्हायचा, कोणाला राग नाही, काही नाही. एवढी एक सोय होती मला, ती तू दुरुस्त करून ठेवलीस."

मी हळूच विचारलं, "पण मी आले की का ठेवायचीस?"

"तू आलीस की त्यांना ऐकू जाईल असं काहीतरी बोलशील, म्हणून."

सकाळी उठले तर आत्या जावयासाठी घावणे घालत होती. वाडी मागायला येणाऱ्या माणसासाठी, वर नारळाचं दूध. मी म्हटलं, "तू काही बोलू नकोस. मी सांगते भावोजींना. वाडी विकायची नाही, मी इथंच राहून ती करणार आहे."

"राहशील?"

"राहीन. ठरलं माझं."

आत्यानं घावणा उलटला. "हे मी त्यांना तू आलीस त्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले, ती पोरगी कसली टिकतेय."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार," आत्या म्हणाली, "बॅटरी संपतेय म्हटलं."