विशालाक्षीनं चढवलेलं निवेदन

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमची विशालाक्षी एकवीस वर्षं गिंडीतल्या एका बॉयलर कारखान्यात पत्रकारांचे फोन घेत होती. घर तंजावरी मराठी, पण तमिळ अशी बोले की वार्ताहर तिला अक्काच म्हणत. अक्कानं सांगितलं म्हणजे बातमी पक्की, असा तिचा लौकिक होता.

२००५ साली कंपनीच्या वेबसाइटवर मीडिया सेंटर सुरू झालं. पत्रकं, फोटो, भाषणं, सगळं तिथंच. "आता फोनवर काही सांगायचं नाही. विचारलं तर साइट बघा म्हणायचं," असं तिचे साहेब वेंकट यांनी बजावलं. पत्रकं साइटवर चढवायचं काम तेवढं तिच्याकडे राहिलं.

पुढच्या मे महिन्यात, एका सकाळी चाचणी चालू असताना बॉयलर फुटला. तिनं खिडकीतून दोन स्ट्रेचर जाताना पाहिली. दोन्हींवर चादर डोक्यावरून ओढलेली. थोड्या वेळानं वेंकट यांनी कागद पुढं केला : किरकोळ अपघात, जीवितहानी नाही.

"सर, दोघं गेलेत."

"डॉक्टरांनी अजून लिहून दिलेलं नाही. चढवा."

तिनं चढवलं. लगेच सेल्वमचा फोन आला. तिचा सगळ्यात जुना वार्ताहर.

"अक्का, गेटवर आत सोडत नाहीत. किती गेले?"

वेंकट टेबलाशीच उभे होते. "मीडिया सेंटरवर दिलंय," ती म्हणाली.

"ते वाचलं. मी तुम्हाला विचारतोय."

"तेच बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी पेपरात तेच छापून आलं. दुपारी हॉस्पिटलनं दोन मृत्यू जाहीर केले. विशालाक्षीनंच निवेदन बदललं; तारीख मात्र वेंकट यांनी आदल्या दिवसाचीच ठेवायला सांगितली होती. आता पाहणाऱ्याला वाटावं, कंपनी पहिल्यापासून खरं तेच सांगत होती.

संध्याकाळी सेल्वम गेटवर थांबला होता.

"त्या गेलेल्या दोघांतल्या कदिरवेलच्या बायकोनं पेपर वाचला, अक्का. दुपारपर्यंत ती हॉस्पिटलं पालथी घालत होती. जखमींच्या वॉर्डात नवरा शोधत."

एवढं बोलून तो गेला.

रविवारी ती कदिरवेलच्या घरी गेली. दार त्याच्या बायकोनंच उघडलं.

"कंपनीतून आलात?"

"हो. ते पेपरातलं... ते मी..."

"भरपाईच्या कागदावर सही हवी असेल तर भावाला भेटा," ती बाई म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

दुसऱ्यांदा दार न वाजवताच विशालाक्षी परत फिरली. सोमवारी ती कामावर गेली. त्या दिवशी निर्यातीचं पत्रक होतं; तिनं ते चढवलं.