खंड्याच्या फोटोवरची पांढरी पट्टी

शाळेच्या भित्तिपत्रकावर आज खंड्याचा फोटो लागला आहे. चोचीत मासोळी, पंखांवरून पाणी निथळतंय. कोपऱ्यात मात्र पांढऱ्या कागदाची एक पट्टी, नीट कापून डिंकाने चिकटवलेली.

"हे काय गं?" मी सातवीतल्या मृण्मयीला विचारलं.

"तिथे कुणाचं तरी नाव होतं, बाई. मध्येच येत होतं."

खाली लाल स्केचपेनने तिचं स्वतःचं नाव, वेलबुट्टीसकट. शेजारी 'साभार : इंटरनेट'.

माझं डोकंच फिरलं. इंटरनेट चिखलात उतरलं होतं का? या एका झेपेसाठी कुणीतरी माणूस गुडघाभर पाण्यात, डासांकडून चावून घेत, तासन्‌तास बसला असेल. त्याचं नाव आपल्याला मध्ये येतं. रोज सकाळी फोनवर येणाऱ्या कवितांचंही तेच. कविता कुणाची म्हणून विचारावं, तर उत्तर येतं, मला तर फॉरवर्ड आलीय. जणू कविता झाडाला लागतात.

"कालच शिकवलं ना मी? दुसऱ्याचं वापरायचं ते विचारून, आणि त्याचं नाव ठेवून?"

तिने मान खाली घातली. "पण पट्टी लावायला तुम्हीच सांगितलं होतं, बाई. गॅदरिंगच्या फलकावर, फोटोतल्या नावावर. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून."

मला आठवलं. मी नखाने पट्टी खरवडू लागले. डिंक पक्का होता. पट्टी निघाली, आणि तिच्याबरोबर नावही निघून आलं.