तीन सूत, बारीक आटे

रविवार, १६ नोव्हेंबर

पाच महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा. सबब नाही. मागच्या पोस्टखाली तिघांनी विचारलं होतं, पुढचा प्रवास कुठला? तो काल झाला. दिल्लीतलं आर. के. पुरम ते कश्मीरी गेट, तिथून मानेसर आणि परत. वाटेत डोंगर लागत नाहीत.

कारण आठ बोल्ट. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन पुण्याला गेले, तेव्हा त्यांची मोटार माझ्याकडे राहिली. आता ती साठीची आहे. विंटेज म्हणून नोंदली गेल्यामुळे कायदा आमच्या बाजूने आहे, इंजिन नाही. ते खोलल्यावर मुनिरकाचे मेकॅनिक तरसेमजी म्हणाले, कनेक्टिंग रॉडचे आठही बोल्ट ताणले गेलेत. चालत्या इंजिनात एक जरी तुटला, तर रॉड इंजिन फोडून बाहेर येईल.

घाई अशी की बाबांच्या लायसन्सची मुदत महिनाअखेर संपते, आणि त्यांची नजर बघता डॉक्टर पुढचं सर्टिफिकेट देणार नाहीत. त्याआधी त्यांना गाडी एकदा चालवायची आहे. विंटेज गाडी हौसेने फिरवता येत नाही, पेट्रोल भरायला नेता येते. बाबांनी त्यातल्या त्यात लांबचा पंप निवडून ठेवला आहे.

माप त्यांनी फोनवर सांगितलं. "तीन सूत, बारीक आटे. आणि डोक्यावर खूण हवी. बिनखुणेचा उचलून आणू नकोस." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आटे म्हणजे बोल्टावरचे पेच, आणि खूण म्हणजे तो किती ताण सोसेल ते सांगणारा शिक्का. मी लिहून घेतलं.

जाणाऱ्यांसाठी: कश्मीरी गेटचा मोटारपार्टचा बाजार रविवारी बंद असतो, शनिवारीही अकराच्या आत जाऊन उपयोग नाही. मेट्रो हौज खासला बदलावी. जुना बोल्ट आणि नट नमुन्याला न्यावा. मेट्रोच्या तपासणीत हे काय म्हणून विचारतात. खरं सांगितलं की सोडतात.

पहिल्याच दुकानात मी म्हटलं, "भैया, तीन सूत का बोल्ट, आटा बारीक चाहिए."

त्याने माझ्या कापडी पिशवीकडे पाहिलं. "मैडम, चक्की पिछली गली में है. बारीक ही पीसता है."

"वो नहीं. बोल्ट पे जो आटा होता है."

"हमारे यहाँ तो बोल्ट पे तेल लगता है."

आतून म्हातारे मालक ओरडले, "अबे, चूड़ी बोल रही हैं! महाराष्ट्र से हो, बेटी?"

एकोणीस वर्षं दिल्लीत आहे. रोज दुकानात आटा मागते आणि घरी आणून त्याला पीठ म्हणते. बोल्टाचे आटे मात्र हिंदीत कधी लागलेच नव्हते.

मिळालेल्या बोल्टावर नट दीड फेऱ्यांत अडला. "पाना मारो, चला जाएगा," भैया म्हणाला. मालकांनी जुना आणि नवा बोल्ट एकमेकांना भिडवून उजेडात धरले. आटे जुळले तर मधून उजेड येत नाही. इथे आला. "मोटी चूड़ी है. ये मत ले जाना," म्हणत त्यांनी बिलाच्या पाठीवर मानेसरच्या यादवजींचा पत्ता लिहून दिला.

छोले-कुलचे उभ्याने, चाळीस रुपये. मेट्रोने गुडगाव, पुढे कारखान्यांतल्या कामगारांबरोबर शेअर ऑटो.

यादवजी बोल्टांच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. घरी कपाटभर बिस्किटांचे डबे, त्यांत जुन्या इंजिनांचे बोल्ट. एकेक निघू लागला: आटे बारीक, डोक्यावर खूण. सातवा हातात आल्यावर मी बाबांना मेसेज केला, "मिळाले." चार मिनिटांत त्यांचं उत्तर आलं: पुढच्या शनिवारचं तिकीट काढलं.

मग यादवजींनी डबा हलवला. वाजला नाही.

दुसऱ्या डब्यातून त्यांनी आठवा काढला. माप तेच, आटे तेच, डोकं कोरं.

"चल जाएगा?" मी विचारलं.

"चलेगा. कब तक, ये इसके सिर पे लिखा नहीं है."

मी तो घेतला. का घेतला, हे परतीच्या मेट्रोत मला नीट सांगता आलं नसतं.

घरी लेकीने, इराने, आठही बोल्ट जेवणाच्या टेबलावर मांडले. "सेम तर आहेत यार. आजोबांना कुठे कळणार आहे?" तिने मनात काही नसताना म्हटलं. माझ्या मनात ते गुडगावपासून होतं.

आज सकाळी फोन केला. "बाबा, सातच मिळाले. आठवा बिनखुणेचा आहे."

"मग काल मिळाले असं का लिहिलंस?"

"घाई केली."

"हं. आटे तरी बारीक आहेत ना?"

"आहेत. पण महिनाअखेरीपर्यंत काही जमणार नाही."

"नाही ना. मग माझं लायसन्स जाऊ दे. आठवा मिळेल तेव्हा तू चालव, मी शेजारी बसून चुका काढीन. इतकी वर्षं तुझी आई काढायची, मला तोंडपाठ आहेत."

तिकीट त्यांनी रद्द केलेलं नाही.

मी खरं सांगितलं ते त्यांच्या जिवासाठी, की उद्या बोल्ट तुटला तर बोल माझ्यावर येऊ नये म्हणून, हे अजून ठरत नाही. कोरा बोल्ट विजेच्या बिलांवर वजन म्हणून ठेवला आहे. तिथे तो चालेल.

उद्या: तरसेमजींना सांगणे, आठवा मिळेपर्यंत खोललेलं इंजिन बंद करायचं नाही.