देवीच्या मुखवट्यातली राळ

ती घटना आजही आठवते, कारण तिची सुरुवात देवीच्या रडण्यापासून झाली. मी तेव्हा रोह्याच्या पोलीस ठाण्यात होतो. जवळच्या गावचा गुरव सकाळीच आला आणि दार लोटून घेत हळूच म्हणाला, "साहेब, देवीच्या डोळ्यातून काळं पानी येतंय. गाव नारळ फोडतंय, पन मला राळेचा वास येतोय."

नक्षी ठोकताना चांदीचा पत्रा हलू नये म्हणून कारागीर तो राळेवर बसवतात. राळ, विटेची भुकटी आणि तेल एकत्र शिजवायचं, भुकटी कमी पडली तर राळ जराशा धगीनंही वितळते; काम झालं की ऊब देऊन सगळं काढून टाकायचं. देवीचा चांदीचा मुखवटा महिन्यापूर्वीच पेणच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून दुरुस्त होऊन आला होता. वजन नेताना-आणताना तंतोतंत. पंचांसमोर मागचं तांब्याचं झाकण काढलं. पुढचा पत्रा नवा, कागदासारखा पातळ, आणि आत राळ ठासलेली. समईच्या धगीनं तीच डोळ्यातून ओघळत होती. जुना जाड पत्रा गायब.

कारागिराला ठाण्यात आणलं. त्यानं राळेचा तुकडा हुंगला, त्याचा चेहरा उतरला आणि तो म्हणाला, "मीच केलं साहेब. लिवून घ्या."

इतक्या लवकर? चोर आधी आईची शपथ घेतो, मग देवाची, मग वकिलाचं नाव. हा थेट सहीला तयार. पत्रा विकला म्हणतो, कुणाला ते आठवत नाही. कुठंतरी पाणी मुरत होतं.

मी त्याची कढई-शेगडी ठाण्याच्या आवारात आणवली. "काका, मुखवट्यात भरलीत तशीच राळ करून दाखवा."

त्यानं तेल भसाभस ओतलं, भुकटी चिमूटभर घातली. ढवळू लागला. थांबला. मूठभर भुकटी टाकली. पुन्हा ढवळलं, पुन्हा एक मूठ. गार झालेला गोळा मी दिव्याजवळ धरला, तो हलेना. मुखवट्यातला तुकडा मात्र लगेच वितळला.

"काका, ही ती राळ नाही."

तो कढई बाजूला सारत म्हणाला, "नाय जमत साहेब. हात ऐकत नाय."

त्या घरात हातोडी धरणारा दुसरा माणूस एकच होता, त्याचा चाळिशीतला मुलगा. डोलवीला कंपनीत जातो म्हणून रोज डबा घेऊन निघायचा. चौकशी केली तर कंत्राट संपून दोन महिने झालेले, घरी पत्ता नाही. त्याला आणलं. बाप लॉकअपमध्ये दिसताच तो सगळं सांगून मोकळा झाला. पत्रा त्याच्या हत्यारांच्या पेटीत मिळाला.

म्हाताऱ्याला बाहेर काढलं. तो मुलासमोर उभा राहिला. मला वाटलं, आता मारणार.

"चोरी केलीस ती केलीस," तो म्हणाला, "राळ तरी नीट शिजवायची, मेल्या! देवी रडली नसती."

हवालदार हसला.

त्या दिवसापासून मी चौकशीत तोंडापेक्षा हातांकडे जास्त बघू लागलो. तोंडाला खोटं शिकवता येतं. जन्मभर एकच काम केलेल्या हाताला ते जमत नाही. नोकरीत हे मला फार उपयोगी पडलं. तरी त्या केसचा अभिमान काही वाटत नाही. निघताना म्हाताऱ्यानं विचारलं, "साहेब, दोन मुठी कमी टाकल्या असत्या तर पोरगा सुटला असता ना?"

मी पंचनाम्याचे कागद चाळत बसलो. उत्तर 'हो' असं होतं.